हत्तीची शिकार आणि अर्जुनाचे युद्ध

भगवंतांनी अर्जुनास शस्त्र उचलावयास सांगितले, मग शिकाऱ्यासच दोष का द्यावा, असा प्रश्न सुशिक्षित गृहस्थही विचारितात. चंदीगडाहून दोन तासांत कुरुक्षेत्र गाठणाऱ्या यात्रेकरूच्या मनात तर तो सहज उभा राहतो.

आफ्रिकेतील बोत्सवाना देशाने २०१४ साली घातलेली शिकारबंदी २०१९ साली उठविली. धनिक परदेशी शिकारी मोठी रक्कम भरून, वाटाड्यासह माग काढीत, पायी हत्तीजवळ जातो. तो म्हणतो, मोटारीतून गोळी घालणे भ्याडपणाचे. हत्ती उलटला तर माझाही प्राण जाईल, म्हणून हा सामना न्याय्य होय. त्याचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा पण त्याने एकट्याने मांडिला. हत्तीस कोणी विचारिले नव्हते. स्वतःस पणाला लाविल्याने दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार मिळतो काय? वाचकांस येथे द्यूतसभा आठवेलच.

अर्जुनास युद्ध नको होते. त्याचे गात्र गळाले होते. शिकारी मात्र त्याच क्षणासाठी समुद्र ओलांडून येतो आणि सुळे घरी नेतो. कोणास मारिले व पुढे कोणास मारू, याची मोजदाद करणाऱ्या पुरुषाचे वर्णन सोळाव्या अध्यायात आहे. ते दैवी संपत्तीचे नव्हे. आणि पाचव्या अध्यायात समदर्शनाचा विषय येतो, तेथे ब्राह्मण व गाय यांच्याबरोबर हत्तीचा स्पष्ट उल्लेख आहे.

शेतकऱ्याचे दुःख मात्र खोटे नाही. आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे, २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींनी माड-केळी उद्ध्वस्त केल्या आहेत. मनुष्याच्या जीवावर उठलेला हत्ती पकडणे वा हलविणे अशक्य झाले, तर त्यास मारण्याची परवानगी १९७२ चा कायदाही देतो. ती निरुपायाची हिंसा होय. हौशी शिकारी पीक तुडविणारा हत्ती शोधीत नाही, लांब सुळ्यांचा वृद्ध नर शोधितो. दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग येथे वडीलधाऱ्यांवाचून वाढलेले तरुण नर गेंडे मारू लागले होते. १९९८ साली मोठे नर आणून सोडल्यावर ते शांत झाले. ज्या घरातील कर्ता पुरुष अकाली गेला, त्या घरास हे समजावून सांगावे लागणार नाही.

जुन्या वाड्यांतून आजही एखादा सुळा दिवाणखान्यात दिसतो. त्याचे प्रमाणपत्र लागते. तो विकता येत नाही. नातवाने तो कोठून आला असे विचारिले, की आजोबा कोणत्या स्वरात सांगतात, तेवढे ऐकावे.