स्वस्तातला मोठेपणा

आमची जुनी गाडी थकली, तेव्हा घरात एक विचार निघाला : नव्या छोट्या गाडीच्या पैशांत वापरलेली मर्सिडीज एस-क्लास घ्यावी. २००५ ते २०१३ या काळात निघालेली ती पिढी आज किमतीने बरीच उतरली आहे. आम्ही याला काटकसर म्हटले. अम्मीच्या गुडघ्यांचे कारणही पुढे केले.

पण किंमत उतरते, खर्च उतरत नाही. या गाडीला पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. रबर वयाने चिरते आणि सुटा भाग मात्र श्रीमंताच्याच दराने घ्यावा लागतो. शिवाय आम्हाला दाखवलेली गाडी दिल्लीहून आलेली, डिझेलची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली; २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तिथल्या मुलांना नको असलेला धूर आमच्या गल्लीतल्या मुलांनी का घ्यावा?

जुनी वस्तू वापरणे वाईट नव्हे. प्रश्न नियतीचा नाही, नीयतीचा आहे. आम्ही स्वतःला विचारले : बॉनेटवरचा तारा काढून टाकला, तर हीच गाडी घेऊ का? कुणी बोलेना. शेवटी अम्मीच म्हणाली, "बेटा, त्यात वाकून बसावं लागतं. मला उंच सीट बरी."

जिच्या नावावर आम्ही हौस मांडली होती, तिला विचारायचेच राहून गेले होते. हौस कबूल करावी. तिला गरजेचा बुरखा घालू नये.