स्टिअरिंग कुणीकडे वळलं?

२०१८ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड पोलीस ठाण्याचे एक उपनिरीक्षक दारूच्या गाडीच्या मागावर गेले आणि त्याच गाडीच्या धडकेत त्यांचा जीव गेला. जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी होती. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत बाया पायी चालत गेल्या, तेव्हा कुठे १ एप्रिल २०१५ ला ती लागू झाली. २०२१ मध्ये ती उठली. मधल्या सहा वर्षांत हद्दीच्या आत आलेल्या बाटलीचा भाव चढा होता आणि त्या चढ्या भावासाठी रात्री गाड्या धावत होत्या. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आजही आहे, म्हणजे गाड्याही आहेत, आणि रस्त्यावर हात दाखवून उभा राहणारा शिपाईही आहे.

अशा गाडीतला माणूस पकडला जातो, शिक्षा होते, तो अपिलात जातो. बातमी वाचून घराघरांत एकच उद्गार निघतो: पोलिसाच्या अंगावर गाडी घातली, आता याचं अपील कसलं ऐकता? हा संताप मला कळतो, कारण तो माझ्याही पोटात उठतो. तरीही माझं मत असं झालं आहे की, ते अपील नीट, सावकाश ऐकलं जाणं याची सर्वांत जास्त गरज त्या शिपायालाच आहे.

आरोपपत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक दारूची: पेट्या, परवाना नसणं, वाहतूक. त्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा. दुसरी माणसाच्या जिवाची: सरकारी कामात बळाचा वापर म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, खुनाचा प्रयत्न म्हणून ३०७. जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे १३२ आणि १०९ झाले, आशय तोच राहिला. पेट्या सापडल्या की पहिली गोष्ट बऱ्यापैकी उभी राहते. दुसरीचं तसं नाही. ३०७ साठी जखम झालीच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. पण मग उरतं काय? मनातला हेतू किंवा जाणीव. चालकाने स्टिअरिंग शिपायाकडे वळवलं की त्याला चुकवायला वळवलं? नुसतं पळायचं होतं, की समोरचा मेला तरी चालेल असं ठरवून पाय दाबला? चार सेकंदांत घडलेली ही गोष्ट, आणि पेट्या पाहून आलेला राग तिचं उत्तर देऊ शकत नाही.

हा पेच आपल्याकडचाच नाही. १९६० च्या मार्चमध्ये लंडनमध्ये एका मोटारीत चोरीचं लोखंडी सामान होतं. शिपायाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली, चालकाने वेग वाढवला, शिपाई गाडीला लटकला. गाडी नागमोडी धावली, तो फेकला गेला आणि समोरून येणाऱ्या मोटारीखाली सापडून मेला. चालक थोडं पुढे जाऊन माल टाकून परत त्याच जागी आला. अपील न्यायालयाने खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आणला. हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा खून ठरवला: कुठल्याही समंजस माणसाला परिणाम कळला असता, मग याच्या मनात खरंच काय होतं हे पाहायला नको. हे तत्त्व तिथल्याच कायदेपंडितांना इतकं खटकलं की १९६७ मध्ये संसदेने कायदा करून ते बदललं. आरोपीच्या स्वतःच्या मनात काय होतं, हे सगळा पुरावा पाहूनच ठरवायचं. मला तो बदल योग्य वाटतो. शिपायाचा मृत्यू त्याने तसूभरही हलका होत नाही.

आता आपल्याकडे अपिलाच्या कागदपत्रांत, म्हणजे पेपरबुकात, काय असतं ते बघा. पंचनामा असतो, त्यात पेट्यांचा ब्रँड, बॅच नंबर, बाटल्यांची संख्या, लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या. दारूची मोजदाद एकेका बाटलीपर्यंत. आणि शिपायाबद्दल? ‘आरोपीने भरधाव वेगात वाहन आमचे अंगावर घालून जिवे ठार मारण्याचा प्रयत्न केला.’ एक वाक्य. तेच वाक्य चार साक्षीदारांच्या जबाबात, काना-मात्रेचाही फरक नाही. शिपाई रस्त्याच्या कुठल्या कडेला होता, गाडी किती फुटांवर असताना त्याने हात दाखवला, ब्रेकच्या खुणा कुठवर होत्या, उजेड होता का, अंगावर वर्दी होती की साधे कपडे, यातलं काही नाही. साध्या कपड्यांचा प्रश्न तर फार मोठा आहे. रात्री आडरानात चार माणसं गाडीपुढे धावली, तर ती पोलीस आहेत हे चालकाला कशावरून कळलं?

मग पंच फितूर होतात आणि सगळा भार पोलिसांच्याच साक्षीवर येतो. केवळ पोलीस आहे म्हणून साक्ष अविश्वसनीय ठरत नाही. प्रामाणिकपणाचं गृहीतक पोलिसालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच म्हटलं आहे. पण साचेबंद जबाब त्या शिपायाचा खरा अनुभवच झाकून टाकतो. त्याचे पाय लटपटले असतील, गाडीचा आरसा कोपराला घासून गेला असेल, शेजारच्याने त्याला कॉलर धरून ओढलं असेल. ते कुणी लिहूनच घेतलं नाही. अपिलात ३०७ गळून पडतं तेव्हा लोक न्यायाधीशांना बोल लावतात. ते कलम बहुतेकदा पहिल्या रात्रीच, ठाण्यातल्या टेबलावर गळालेलं असतं.

आणखी एक बोच आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात बहुतेक वेळा उभा असतो तो चालक आणि पेट्या उतरवणारा पोरगा. माल कुणाचा, पैसे कुणाचे, कुणाच्या भरवशावर त्याने गाडी थांबवली नाही, हे कागदावर क्वचितच येतं. चालकाचा गुन्हा त्याने कमी होत नाही. पण एका बाजूला पगारी शिपाई, दुसऱ्या बाजूला रोजंदारीचा चालक, आणि ज्याच्यासाठी दोघांचे जीव त्या रस्त्यावर आले तो घरी झोपलेला, हे चित्र मला स्वस्थ बसू देत नाही.

अपिलाच्या सुनावणीत शेवटी घटनास्थळाचा नकाशा उघडला जातो. रस्ता म्हणून दोन रेघा, एक फुली, ‘येथे वाहन थांबविले’. न्यायमूर्ती सरकारी वकिलांना विचारतात, शिपाई आणि गाडी यांच्यात अंतर किती? वकील पानं उलटतात. साक्षीदार शिपायाला आता ते आठवणं शक्य नसतं. मधे काही वर्षं गेलेली असतात, बदल्या झालेल्या असतात. त्या रात्री, गाडी अजून रस्त्यात उभी असताना, मोजायची फीत धरायला दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरली असती. ती दहा मिनिटं बाटल्या मोजण्यात गेली.