पायाखालचे काम



इंग्लंडातील विंचेस्टर येथील भव्य कॅथेड्रलचे काम इ. स. १०७९ मध्ये सुरू झाले. तेराव्या शतकात त्याचा पूर्वभाग वाढवला, तो दलदलीत लाकडी ओंडके टाकून त्यांवर. विसाव्या शतकाच्या आरंभी भिंतींना मोठाल्या भेगा पडल्या. नवा पाया घालण्यास खणावे, तर खड्ड्यात पाणी भरे. पाणी उपसावे, तर भिंती ढासळण्याचे भय!

तेव्हा विल्यम वॉकर या पाणबुड्याला बोलावले. १९०६ पासून १९११ पर्यंत तो त्या गढूळ पाण्यात उतरत असे. डोळ्यांना काही दिसत नसे. हातांनी चाचपून तो तळाशी काँक्रीटची पोती रची. त्यामुळे पाणी अडे, मग गवंडी वरचे बांधकाम करीत. मंदिर वाचले.

१९६४ साली वॉकरचा पुतळा बसवला. पण चेहरा होता त्या कामावरील इंजिनियर फ्रान्सिस फॉक्स यांचा! ती चूक २००१ मध्ये सुधारली.

घर बांधताना खोल खणणाऱ्या मनुष्याविषयी प्रभूने सांगितले आहे (लूक ६:४८). खणलेले कोणाला दिसते? आपल्या मंडळीत रंगकामाला वर्गणी लवकर जमते. पण मागल्या खोलीत चार मुलांना वचन शिकवणाऱ्या बहिणीची आठवण वार्षिक सभेतही होत नाही. तिने ते काम सोडले, तर भेगा आज नव्हे, वीस वर्षांनी दिसतील.

शिक्षकहो, माणसे तुमचा चेहरा विसरतील. स्वर्गीय पिता विसरणार नाही. आणि मंडळीने येत्या रविवारी त्या खोलीत जावे, काय हवे ते विचारावे.