कुलूप कोणासाठी होतं?

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक आणि मित्र दोनच गोष्टी हमखास विचारतात: 'कुठला लॅपटॉप घेऊ?' आणि 'हे उघडतंय का बघ ना.' दुसरा प्रश्न बऱ्याचदा कुणीतरी गेल्यानंतर येतो. लॅपटॉप असतो, त्यात हार्ड डिस्क असते, फक्त पासवर्ड माहीत असलेला माणूस नसतो.

जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत ते बहुतेक वेळा उघडतं. विंडोजचा लॉगिन पासवर्ड विंडोज सुरू होताना विचारला जातो. डिस्क काढून साध्या केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, की तो प्रश्न विचारायला कुणी उरतच नाही; फाइली समोर दिसतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. बिटलॉकर चालू असेल आणि पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की मिळाली नाही, तर माझ्यासारख्याच्या हातात काही नसतं. आजकालच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणजे एखाद्याचं खासगी जग उघडणार की बंद राहणार, हे त्याच्या इच्छेवर ठरत नाही. त्यानं लॅपटॉप कधी घेतला, यावर ठरतं. म्हणून 'उघडता येतंय' यातून परवानगी सिद्ध होत नाही, आणि 'उघडत नाही' यातून त्याची मनाई सिद्ध होत नाही.

मग पासवर्डवरून तरी इच्छा कळते का? पासवर्ड ठेवताना त्या माणसाच्या डोक्यात कोण होतं? लोकलमध्ये बॅग मारणारा चोर? ऑफिसमधला शेजारी? गेम टाकून लॅपटॉप भरून ठेवणारा भाचा? की घरातलेच लोक? कुलूप एकच असतं आणि ते सगळ्यांनाच लागतं. ते कोणासाठी लावलं होतं, हे कुलपावर लिहिलेलं नसतं.

क्वचित कुणी ते लिहून ठेवतं. इंग्लिश लेखक टेरी प्रॅचेट २०१५ साली गेले. आपलं अपुरं लेखन कुणी वाचू नये, हे त्यांनी सांगून ठेवलं होतं. ऑगस्ट २०१७मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या जत्रेत त्यांची हार्ड डिस्क वाफेवर चालणाऱ्या रोडरोलरखाली घातली गेली. वाचकांचं नुकसान झालं असेल, पण तिथे प्रश्न शिल्लक नव्हता.

आपल्यापैकी बहुतेक जण काहीच न सांगता जातात. मग कायदा बोलतो. बर्लिनमध्ये २०१२ साली १५ वर्षांची एक मुलगी मेट्रोखाली गेली. तो अपघात होता की आत्महत्या, हे आईवडिलांना कळत नव्हतं, म्हणून त्यांना तिचं फेसबुक खातं पाहायचं होतं. जुलै २०१८मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. डायऱ्या आणि पत्रं वारसांकडे जातात, मग डिजिटल मजकुराला वेगळा न्याय का, असा तो युक्तिवाद होता.

त्या आईवडिलांच्या बाबतीत मला तो पटतो. पण हार्ड डिस्क म्हणजे नव्या जमान्यातली पत्र्याची ट्रंक, हे मला पटत नाही. ट्रंकेत नको असलेली चिठ्ठी माणूस फाडायचा, चुलीत टाकायचा, आणि विषय संपायचा. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की फक्त 'ही जागा आता मोकळी आहे' एवढी नोंद होते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच पडून राहतो. फोटोरेक नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते शोध सुरू करण्याआधी विचारतं: 'फ्री' की 'होल'? म्हणजे फक्त मोकळ्या म्हणून नोंदलेल्या जागेत शोधू, की सगळ्या पार्टिशनवर? जी चिठ्ठी माणसानं स्वतःच्या हातानं फाडली, ती जोडून वाचायची का, हा प्रश्न तिथे मेनूतला एक पर्याय होऊन येतो.

माझ्या एका मैत्रिणीनं तिच्या वडिलांचा लॅपटॉप आणला होता. काकूंना फोटो हवे होते, ते मिळाले. तिला हवं होतं बाबांचं गाणं. ते पेटीवर अभंग म्हणायचे आणि रेकॉर्डही करायचे. ती रेकॉर्डिंग्ज कुठल्याच फोल्डरमध्ये नव्हती. मी तिला सांगितलं, पुसलेल्या जागेत सापडू शकतील. फक्त ऑडिओ फाइली शोधायला सांगता येतं, पण त्यात अभंगाबरोबर इतर कुठलंही बोलणं वर येईल. तिनं काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, "त्यांनी पुसलं असेल तर राहू दे गं. सूर लागला नाही की त्यांना स्वतःचंच ऐकवायचं नाही."

मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग तिनं डिस्क पर्समध्ये ठेवली.

काकू चुकतही असतील. डिस्क भरली म्हणून त्यांनी फाइली काढल्या असतील, किंवा चुकून बटण दाबलं गेलं असेल. डिलीट मुद्दाम केलं की नकळत, हे सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही. एका मुलीला वडिलांचा आवाज कायमचा गमवावा लागतो, ही किंमत लहान नाही. तरीही तो निर्णय माझ्यापेक्षा काकूंनी करणं मला योग्य वाटतं. मला डिस्क कळते, त्यांना तो माणूस कळत होता.

आणि डिस्कवर तो माणूस एकटा नसतो. मित्रानं मागितलेली उधारी, बहिणीचं बिनसलेलं लग्न, सहकाऱ्याचं आजारपण, असं किती काही त्यानं विश्वासानं ऐकून घेतलेलं असतं. ते सांगणारे लोक जिवंत असतात. गेलेल्याला आता काय फरक पडतो, हे म्हणणं त्यांना लागू होत नाही.

आपल्याकडे २०२३च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात, आपल्यानंतर आपले हक्क वापरण्यासाठी नॉमिनी नेमण्याची तरतूद आहे. पण ती कंपन्यांकडे असलेल्या माहितीसाठी. घरच्या कपाटातल्या डिस्कबद्दल कायदा गप्प आहे, तिथे आपल्यालाच बोलावं लागतं.

मी आता केबल जोडण्याआधी तीन गोष्टी विचारतो: काय शोधायचंय, कोणासाठी, आणि पुसलेल्यातही शोधायचं का? सापडेल ते न उघडता त्यांच्या हातात देतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक पटकन देतात. तिसऱ्याला थांबतात, आणि बऱ्याचदा त्या माणसाबद्दल बोलायला लागतात.