रक्तरेषा, उंची आणि निवडीची नजर

शिकारीच्या कामाला लावलेल्या इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियलांच्या मालकांमध्ये एक खुलासा इतक्या सहजपणे केला जातो, की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. कुत्रा अपेक्षेपेक्षा उंच निघाला, तर तो अमुक रक्तरेषेतला म्हणून उंच, आणि ठेंगणा निघाला, तर तमुक रक्तरेषेतला म्हणून ठेंगणा, असे सांगून विषय मिटवला जातो. रक्तरेषा म्हणजे एखाद्या नामांकित नरापासून किंवा एखाद्या पैदासकाराच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली संतती. ‘खाण तशी माती’ या जुन्या समजुतीचेच हे विलायती रूप आहे, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु एकाच आईबापांच्या एकाच वेतातील दोन भाऊ जेव्हा तीन-चार किलोंच्या फरकाने वाढतात, तेव्हा दोघांचीही रक्तरेषा शब्दशः तीच असते, आणि मग एकाच कारणाने दोन उलट परिणाम घडवले असे मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कोणताही परिणाम दिसला तरी जे लागू पडते, त्याने काहीच उलगडत नाही.

स्प्रिंगरचे काम सर्वपरिचित आहे: बंदुकीच्या टप्प्यात राहून काटेरी जाळी आणि नेचे धुंडाळायचे, दडलेला ससा किंवा फेझंट पक्षी उठवायचा, तो उठताच खाली बसायचे, आणि हुकूम मिळाला की पडलेली शिकार दातांची इजा न करता उचलून आणायची. प्रदर्शनातला स्प्रिंगर आणि कामाचा स्प्रिंगर ही आता व्यवहारात दोन निराळी कुळे झाली आहेत, हेही सांगायला नको. दोन्ही क्षेत्रांत अजिंक्यपद मिळवणारा कुत्रा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळानंतर झालेला नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीची खांद्यापाशी उंची सुमारे 51 सेंटिमीटर ठरवलेली आहे. प्रदर्शनातले कुत्रे तिच्या आसपास राहतात, तर कामाचे कुत्रे बहुधा तिच्याहून लहान आणि हलके असतात. शिवाय ते आपसांतही एकसारखे नसतात, आणि मूळ प्रश्न आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा.

त्याचे उत्तर रक्तात शोधण्यापूर्वी निवडीत शोधले पाहिजे. माणसाने पाळलेल्या प्रत्येक जनावराच्या गुणांचे दोन वर्ग पडतात. एक, पैदास करणाऱ्याची नजर ज्यांच्यावर असते ते. दुसरा, ज्यांच्याकडे ती वळतच नाही ते. पहिल्या वर्गातले गुण पिढीगणिक एका ठशाकडे सरकतात, दुसऱ्या वर्गातले पूर्वी होते तसे विखुरलेले राहतात. फील्ड ट्रायल, म्हणजे प्रत्यक्ष रानात घेतली जाणारी शिकारी कुत्र्यांची स्पर्धा, सुरू असताना परीक्षकाच्या हातात मोजपट्टी नसते. तो नाक पाहतो, वेग आणि जिद्द पाहतो, शिट्टीला दिलेला प्रतिसाद पाहतो, शिकार उचलताना तोंड किती हळुवार आहे ते पाहतो. कामाच्या स्प्रिंगरांत ज्या गुणांची पारख होते, ते आश्चर्य वाटावे इतके एकसारखे आहेत, आणि ज्यांची होत नाही, ते कान, रंग, हाडापेर आणि उंची, हवे तसे आहेत. प्रदर्शनाच्या रिंगणात नेमके उलट घडते. तेव्हा उंचीतील विविधता हा कामाच्या कुळातला बिघाड नाही; तिची विचारपूस कोणी केली नाही, एवढेच ती सांगते.

ही विविधता मुळात किती खोल आहे, हे जातीच्या इतिहासावरून दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कॉकर स्पॅनियल ठरवताना वजन पाहिले जाई. 25 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 11.3 किलोंच्या आतला तो कॉकर. एकाच वेतातली लहान पिल्ले कॉकर म्हणून आणि मोठी पिल्ले दुसऱ्या नावाने ओळखली जाणे तेव्हा शक्य होते. स्प्रिंगरला केनेल क्लबची स्वतंत्र मान्यता मिळाली ती 1902 साली, आणि त्याच सुमारास ती वजनमर्यादाही उठली. पण कागदावर जाती विलग झाल्या म्हणून जनुके एका रात्रीत विलग झाली नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळातला रिव्हिंग्टन सॅम हा आजच्या कामाच्या स्प्रिंगरांच्या मूळपुरुषांपैकी एक मानला जातो, आणि त्याची आई रिव्हिंग्टन रिबंड ही कॉकर होती. एखाद्या वेतात ठेंगणे पिल्लू दिसताच कोणीतरी गुपचूप कॉकरचे रक्त घातले असावे, अशी कुजबूज करणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे, की ते रक्त उघडपणे आणि पायाशीच घातलेले आहे.

रक्तरेषेवरील विश्वासाला शास्त्रीय वजन मिळवून देणारा माणूस म्हणजे फ्रान्सिस गॉल्टन, आणि या विषयात खरा वाद त्याच्याशीच घालावा लागतो. सर एव्हरेट मिले यांनी पाळलेल्या बॅसेट हाउंड कुत्र्यांच्या रंगांच्या नोंदी त्याने तपासल्या आणि 1897 साली असा नियम मांडला, की प्राण्याच्या वारशात आईबापांचा वाटा निम्मा, आजी-आजोबांचा मिळून एक चतुर्थांश, त्यांच्या आईबापांचा मिळून एक अष्टमांश, आणि असेच पुढे. वारशाचे घटक जोडीजोडीने येतात असे दाखवणारा ग्रेगोर मेंडेलचा लेख 1866 सालीच छापला गेला होता, पण त्याचे महत्त्व 1900 साली उमगले. गॉल्टन ज्या कुत्र्यांचे पूर्वज एवढ्या निष्ठेने मोजत होता, त्यांच्या रंगाचा उलगडा मेंडेलच्या जोड्यांनी अधिक सोप्या रीतीने होऊ शकला असता. विद्येच्या इतिहासात असे चुटपुट लावणारे प्रसंग थोडे आहेत: पुरावा हाताशी होता, मोजणारा अत्यंत काटेकोर होता, आणि उणीव फक्त एका दुर्लक्षित लेखाची होती. गॉल्टनचा तो नियम शास्त्रातून केव्हाच मागे पडला, परंतु पैदासकारांच्या बोलण्यात तो अजून नांदतो. पाच पिढ्यांच्या वंशावळीत 62 नावे असतात. ब्रिटनमध्ये त्यांतील फील्ड ट्रायल अजिंक्यांची नावे लाल शाईने लिहिण्याची प्रथा आहे, आणि जितकी लाल नावे जास्त तितका प्रत्येकाचा थेंब पिल्लात उतरला, असे गृहीत धरले जाते.

वारसा थेंबाथेंबाने मिसळत नाही. कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात आणि पिल्लाला आईकडून व बापाकडून प्रत्येक जोडीतले एकेक, तेही तुकड्यांची अदलाबदल होऊन, मिळते. आईबापांचा वाटा जवळजवळ निम्मा-निम्मा असतो हे खरे. पण एकेका आजोबाचा वाटा केवळ सरासरीने एक चतुर्थांश, आणि पाचव्या पिढीतल्या एकेका पूर्वजाचा सरासरीने तीन टक्के, जो एका भावात बराच अधिक आणि दुसऱ्यात नगण्य असू शकतो. उंची तर एका जनुकावर अवलंबून नसून अनेकांवर असते. त्यांतील एक ठळक जनुक, शरीराच्या वाढीला चालना देणाऱ्या आयजीएफ-1 या प्रथिनाचे, 2007 साली उजेडात आले, आणि ते सापडले पोर्तुगीज वॉटर डॉग या जातीमुळे, कारण तिच्या मानकातच 17 पासून 23 इंचांपर्यंतची उंची मान्य आहे. ज्या जातीने लहानमोठेपणा पुसून टाकला नव्हता, तिच्यातच त्याचे कारण सापडू शकले. पुढे 2022 साली असेही दिसून आले, की लहान आकाराशी निगडित असलेले या जनुकाचे रूप पन्नास हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही होते. ठेंगणेपणा कोणत्याही रक्तरेषेपेक्षा, किंबहुना कुत्र्यापेक्षाही जुना आहे.

तरीही गॉल्टनकडून एक गोष्ट घेतलीच पाहिजे. माणसांची उंची मोजून त्याने 1886 साली दाखवले, की फार उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्यापेक्षा कमी उंच आणि फार ठेंगण्यांची अधिक उंच असतात. या कलाला सरासरीकडे परतणे म्हणतात. दोन धिप्पाड स्प्रिंगरांच्या वेतात बेताची पिल्ले निघाली, की खरेदीदाराला फसवणूक वाटते. ती फसवणूक नसून हा कल असतो. त्यात गर्भातली गर्दी, पिल्लाचे खाणे आणि लांब हाडांची वाढ पुरी होण्याआधी केलेले निर्बीजीकरण यांची भर पडते. निर्बीजीकरण लवकर केल्यास हाडे वाढत राहून कुत्रा थोडा अधिक उंच होतो, ही गोष्ट रक्तरेषेच्या चर्चेत क्वचितच निघते.

इथपर्यंतच्या विवेचनाचा रोख वंशावळ निरुपयोगी ठरवण्याकडे आहे. परंतु वर केलेला गुणांचा भेद नीट ताणून पाहिला, तर तो रोख टिकत नाही. परीक्षक उंची मोजत नाही हे खरे, पण तो वेग पाहतो, वळणातली चपळाई पाहतो, जाळीत घुसण्याची धडाडी पाहतो, आणि या साऱ्यांचा शरीराच्या वजनाशी संबंध आहे. म्हणजे उंचीकडे थेट कोणी पाहत नसले, तरी तिच्यावर तिरकी नजर आहेच. एखादा चपळ, हलका अजिंक्य नर पैदाशीसाठी देशभर वापरला जातो, त्याच्या मुलांची नातवंडांशी गाठ पडते, आणि दोन-तीन दशकांत बहुतेक सगळ्या वंशावळी त्याच मोजक्या नरांपाशी येऊन मिळतात. अशा वेळी केवळ उंचीतली विविधता आकसत नाही. फ्युकोसिडोसिस या स्प्रिंगरांतील मज्जासंस्थेच्या घातक आजाराचे जनुक आईबाप दोघांकडून आले तरच आजार होतो. लोकप्रिय नर त्याचा मूक वाहक असेल, तर तो आजार गाजावाजा न करता शेकडो घरांत पोहोचू शकतो. आज त्याची डीएनए चाचणी उपलब्ध आहे. जे जनुक अजून ओळखलेच गेलेले नाही, त्याच्या बाबतीत मात्र तीच जुनी वंशावळ कामी येते, कारण एक नाव किती वेळा आले आहे हे तिच्यातूनच कळते.

म्हणून वंशावळ वाचायची ती पिल्लू केवढे होईल हे जाणण्यासाठी नव्हे, तर जातीतून काय निसटत चालले आहे हे जाणण्यासाठी. दाट काट्यांत 15 किलोंची मादी जे करते, ते 24 किलोंच्या नराला जमत नाही; आणि तीन-चार किलोंचा ससा तोंडात धरून चिखलाच्या नांगरटीतून परत येणे त्या नराला जितके सोपे, तितके तिला नाही. एकट्याने रान तुडवणाऱ्या शिकाऱ्याला दोन्ही तऱ्हा लागतात, आणि त्यांतली जड तऱ्हा स्पर्धेच्या निकालांत सहसा दिसत नाही. मादीसाठी नर शोधणाऱ्याने लाल शाईतल्या नावांबरोबर, किताब नसलेले, थोडे मोठे, पण निरोगी, आज्ञाधारक आणि रानात सिद्ध झालेले नरही पाहावेत; आणि पिल्लू घेणाऱ्याने कागदाआधी त्याच्या आईला, आणि शक्य असेल तर बापालाही, काम करताना पाहावे.