पाय वेळेवर पोचले का?

टेनिसची नवी रॅकेट हातात आली की माणूस आधी चेंडू जोरात हाणून बघतो. सणसणत गेला, तर रॅकेट चांगली. कंट्रोलची, म्हणजे जोरापेक्षा अचूकपणासाठी बनवलेली रॅकेट या परीक्षेत हटकून नापास होते. तिचं डोकं लहान, साधारण 95 ते 98 चौरस इंच. चौकट सडपातळ. तारा अनेकदा दाट विणलेल्या, 18 उभ्या आणि 20 आडव्या. अशा तारांवरून चेंडू कमी उसळतो, त्यामुळे जोर आपला आपणच आणायचा. चेंडू मधोमध लागला तर मनातल्या जागी जातो, दोन बोटं बाजूला लागला तर नेटमध्ये. दहा मिनिटांत निकाल लागतो : “हिच्यात दम नाही.”

तरी तासभर खेळावं. जोर देणाऱ्या रॅकेटनं खेळताना हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर चेंडू बेसलाइनच्या बाहेर. इथे हात मोकळा सोडला तरी चेंडू कोर्टात पडतो. म्हणजे कंट्रोलच्या रॅकेटनं उलट बिनधास्त खेळता येतं! अट एवढीच की चेंडूपाशी आधी पोचायचं. पाऊल उशिरा पडलं की चेंडू चौकटीजवळ लागतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. ही रॅकेट आपली चूक झाकत नाही. ऑफिसातही एखादी सहकारी अशी असते. ती तोंडभर कौतुक करत नाही, रागवतही नाही. “तिसऱ्या ओळीतला आकडा बघ,” एवढंच म्हणते. सुरुवातीला ती खडूस वाटते. वर्षभरानं कागद वर पाठवण्याआधी आपण तिच्याच टेबलाशी जातो.

घाईनं निकाल न देणारा एक टेनिसपटू म्हणजे रॉजर फेडरर. तो वर्षानुवर्षं 90 चौरस इंचांच्या रॅकेटनं खेळला. 2013 च्या उन्हाळ्यात त्यानं मोठ्या डोक्याची घेऊन बघितली. हॅम्बुर्गला हरला, ग्श्टाडला हरला, आणि अमेरिकन ओपनला जुनीच घेऊन उतरला. पण त्या दिवसांत त्याची पाठही दुखत होती. मग दोष पाठीचा की रॅकेटचा? दोन पराभवांवरून त्यानं मोठ्या डोक्याच्या रॅकेटवर फुली मारली नाही. 2014 पासून तो 97 चौरस इंचांच्या रॅकेटनं खेळू लागला. 2017 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तिच्याच जोरावर त्यानं राफाएल नादालला पाच सेटमध्ये हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

आज एखादं काम, एखादं यंत्र किंवा एखादं माणूस “आपल्याला जमत नाही” म्हणून बाजूला ठेवावंसं वाटलं, तर आधी स्वतःला विचारा, माझे पाय वेळेवर पोचले होते का? पोचले नसतील तर पुन्हा एकदा बघा, जरा आधी निघून. आणि खरंच रॅकेट घ्यायची असेल, तर पैसे देण्याआधी एक-दोन दिवस खेळायला मागा. ताजेतवाने असताना खेळा, दमल्यावरही खेळा. एवढं करूनही खांदा दुखत राहिला, तर मुकाट्यानं वजनाला हलकी रॅकेट घ्या. त्यात कमीपणा काही नाही.