प्रत्यक्ष, पण तात्काळ नव्हे

मार्च २०२५मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन घटवणारी औषधं भारतात आली, तेव्हापासून लठ्ठपणाची चर्चा किलोंच्या हिशेबात अडकली आहे. किती होते, किती उतरले, किती परत आले. वजन उतरल्यावर अंगावर राहिलेल्या कातडीचं काय, हा प्रश्न मात्र या हिशेबात कुठेच बसत नाही.

वजन घटवण्याच्या, म्हणजे बॅरिॲट्रिक, शस्त्रक्रियेनंतर पन्नास-साठ किलो घटलेल्या शरीराची कातडी चरबीबरोबर आक्रसत नाही. वर्षानुवर्षं ताणून तिची लवचीकता गेलेली असते. ती ओच्यासारखी पोटावरून मांड्यांवर लोंबते. घडीत घाम साचतो, बुरशी धरते, कातडी सोलवटते, जखमेला वास येतो.

अशी शस्त्रक्रिया झालेल्या विश्रांतवाडीतल्या एखाद्या बाईंची कल्पना करा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघून दिघीमार्गे दारावरून जाते, तेव्हा फुलेनगरपर्यंत तरी सोबत चालावं, एवढीच त्यांची इच्छा. गुडघे आता कुरकुरत नाहीत, साखर आटोक्यात आहे. पण पावसात साडी भिजते, जांघेत कातडीवर कातडी घासते आणि अर्ध्या वाटेतून त्यांना घरी परतावं लागतं.

विम्याच्या कागदांत मात्र त्या बऱ्या झालेल्या असतात.

भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या गोष्टींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातलं सहावं कलम लठ्ठपणाचं. रुग्ण सज्ञान असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ असून सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल, तर शस्त्रक्रियेला विम्याची वाट मोकळी होते. आठवं कलम प्लॅस्टिक सर्जरीचं. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना चालते. नाहीतर आरोग्याचा ‘प्रत्यक्ष आणि तात्काळ’ धोका टाळण्यासाठी ती आवश्यक असल्याचं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं.

सगळी मेख त्या ‘आणि’मध्ये आहे. घडीतली जखम प्रत्यक्ष असते. डोळ्यांना दिसते, हाताला लागते. पण तिने कोणी उद्या मरत नाही, म्हणून ती तात्काळ ठरत नाही. शिवाय शल्यविशारद स्वतःच सांगतात की वजन स्थिरावेपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्ष, कातडीला हात लावू नये. वैद्यक थांबायला सांगतं, आणि थांबता येतं म्हणून विमा गरज नाकारतो.

पुण्याला तरी ‘प्रत्यक्ष’ आणि ‘तात्काळ’ यांतला हा भेद नवा वाटायला नको. १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेसोबत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा जगला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक करून दिलं, आणि ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने त्याची हकीकत छापली. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात मानाने सांगितलं जाणारं हे काम ‘तात्काळ’च्या कसोटीवर नापास झालं असतं.

‘जीभ आवरली असती तर’ म्हणणाऱ्यांना वेगळं उत्तर नको. पहिल्या शस्त्रक्रियेचे पैसे मोजून विमा कंपन्यांनीच ते दिलेलं आहे. दखल घ्यायची ती दुसऱ्या आक्षेपाची: हे दार उघडलं की हौशी लोक पोट सपाट करून घेतील आणि बोजा इतरांच्या हप्त्यांवर पडेल. ऐकायला हे व्यवहारी वाटतं. पण अशा हौशी माणसाला काय काय करावं लागेल, ते पाहा. आधी बीएमआय ४०वर न्यायचा. मग जठराचा मोठा भाग कापून टाकायचा, जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्यायच्या, दीड वर्ष वाट पाहायची आणि अखेर कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा व्रण वागवायचा. फुकटच्या सपाट पोटासाठी याहून महाग वाट सापडणं कठीण! आणि तरीही संशय उरलाच, तर चाळणी तयार आहे. अमेरिकेत अनेक विमा कंपन्या नुसती लोंबती कातडी काढणं आणि स्नायू आवळून पोट घडवणं यांत फरक करतात. पहिल्यासाठी छायाचित्रं मागतात, काही महिने उपचार करूनही चट्टे हटले नसल्याची नोंद मागतात. दुसऱ्याला पैसे देत नाहीत. दंड आणि गाल यांचं काम बहुतेकदा रूपाचंच असतं. त्याचं बिल इतर विमाधारकांच्या माथी मारू नये, हेही मान्य. पण रूपाच्या भीतीने जखम नाकारणं याला काटकसर म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्याच १९९८च्या एका कायद्यानुसार, कर्करोगात स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या योजनेला स्तनाच्या पुनर्रचनेचाही खर्च द्यावा लागतो. एका उपचाराची जबाबदारी घेतली की त्याच्या परिणामाचीही घ्यायची, हे तत्त्व आपल्याकडे कर्करोगापुरतं मान्य आहे. वजनाच्या शस्त्रक्रियेला ते लावलेलं नाही.

नियामकाने आठव्या कलमातून ‘आणि तात्काळ’ हे दोन शब्द काढावेत. डॉक्टरांच्या दाखल्याची अट राहू द्यावी. तोवर दावा फेटाळला गेलेल्यांनी आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावं. त्यांचं पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत आहे, आणि तक्रारीला शुल्क लागत नाही.